परत आलेल्याला घरात घेणं



आजचं चिंतन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १२, श्लोक १३.

भक्त कसा असतो, याची लक्षणं भगवंत इथून सांगायला लागतात. श्लोक पाठ असेल तर मनातल्या मनात म्हणून घ्या. नसेल तर गीता उघडून एकदा वाचा आणि मग खाली या. मी फक्त अर्थ सांगतो. कुणाचाही द्वेष न करणारा, सगळ्यांशी मैत्रीनं वागणारा, कनवाळू, 'माझं माझं' सुटलेला, 'मी' गळलेला, सुखदुःखात सारखा राहणारा आणि क्षमा करणारा. सात लक्षणं आहेत.

पहिलं कुठलं ते बघा. रोज किती माळा ओढतो, किती एकादश्या करतो, यातलं काहीच नाही. पहिला शब्द आहे 'अद्वेष्टा', द्वेष न करणारा.

खरं सांगू? या शब्दावरून मी वर्षानुवर्षं सुळकन पुढे जायचो. वाटायचं, हे तर आपल्याला जमतंच. आपण कुठे कुणाचा द्वेष करतो? अप्रेझलच्या महिन्यात मॅनेजरबद्दल थोडं इकडेतिकडे होतं, तेवढंच.

मग एका रात्री रिलीज चालू होतं. बिल्ड संपायची वाट बघत मोबाइलवर काहीबाही वाचत बसलो होतो आणि लायबेरियातल्या एका बाईची गोष्ट समोर आली. त्या रात्रीपासून या पहिल्या शब्दावर अडखळतो. आज तीच गोष्ट सांगायची आहे.

प्रेम करणाऱ्यालाच गाठणारा रोग

इबोला हे नाव आपण बातम्यांत ऐकलेलं असतं. १९७६ साली आफ्रिकेत, आजच्या काँगोमध्ये, हा विषाणू पहिल्यांदा ओळखला गेला. तिथल्याच एका नदीवरून त्याला नाव पडलं. त्याची सगळ्यात मोठी साथ आली ती २०१४ ते २०१६ या काळात पश्चिम आफ्रिकेत. गिनी, सिएरा लिओन आणि लायबेरिया हे तीन देश अक्षरशः पिळून निघाले. २८,६०० हून जास्त माणसं आजारी पडली, ११,३०० हून जास्त गेली.

हा रोग पसरतो आजारी माणसाच्या रक्तातून, उलटीतून, जुलाबातून, अंगातून निघणाऱ्या द्रवांतून. म्हणजे तो गाठतो कुणाला? जो जवळ बसतो त्याला. लेकराची उलटी पुसणाऱ्या आईला. वडिलांच्या देहाला शेवटची अंघोळ घालणाऱ्या मुलाला. वॉर्डातल्या नर्सला. पाठ फिरवून निघून गेलेला माणूस सुटला आणि हात धरून बसलेला सापडला, असा हा रोग.

लायबेरियात हात मिळवायची एक खास पद्धत आहे. हात सोडता सोडता दोघांनी मिळून बोटांची चुटकी वाजवायची. साथीच्या काळात ती चुटकी बंद पडली. कुणी कुणाला शिवेना. ते बरोबरच होतं, न शिवण्यानेच जीव वाचत होते. पण हात एकदा मागे घेतला की तो पुन्हा पुढे करणं किती अवघड असतं, ते साथ संपल्यावर कळलं.

सालोमे

तिचं नाव सालोमे कारवा. लायबेरियाची राजधानी मोनरोव्हियाजवळ राहायची. २०१४ च्या ऑगस्टमध्ये तिच्या घरात इबोला शिरला. आई गेली, वडील गेले. सालोमे, तिची बहीण आणि जोडीदार वाचले.

बरी झाल्यावर तिने काय करावं? 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स'च्या ज्या उपचार केंद्रात ती रुग्ण होती, आई-वडील जिथे गेले, तिथेच ती कामाला परत आली. बरा झालेल्या माणसाच्या शरीरात या रोगाशी लढण्याची ताकद तयार झालेली असते. त्यामुळे इतरांना जे जवळ जाणं जिवावर बेतलं असतं, ते तिला शक्य होतं. रुग्णांना धीर द्यायचा, घास भरवायचा, 'मीही इथेच पडले होते, आणि बघ, उभी आहे' हे सांगायचं, असं तिचं काम. त्या वर्षी 'टाइम' साप्ताहिकाने 'वर्षातली व्यक्ती' म्हणून इबोलाशी लढणाऱ्यांना निवडलं, तेव्हा मुखपृष्ठावर झळकलेल्या मोजक्या चेहऱ्यांत सालोमे होती.

आता पुढचं. फेब्रुवारी २०१७. सालोमेचं बाळंतपण झालं, सिझेरियन. घरी आल्यावर तिला झटके यायला लागले. घरच्यांनी पुन्हा रुग्णालयात नेलं. तिच्या बहिणीने नंतर पत्रकारांना जे सांगितलं ते असं, की ही इबोलातून वाचलेली आहे म्हणून तिथले कर्मचारी तिला हात लावायला धजावत नव्हते. २१ फेब्रुवारीला सालोमे गेली.

इबोला होऊन तोवर अडीच वर्षं झाली होती. ज्या हातांनी तिने अनोळखी माणसांना सावरलं, ते हात शेवटी कुणीतरी धरावेत, यासाठी तिच्या माणसांना झगडावं लागलं.

मी लॅपटॉप मिटला. आणि 'अद्वेष्टा' हा शब्द पहिल्यांदा टोचला.

वाचणं म्हणजे संपणं नव्हे

आपल्या क्षेत्रातल्या लोकांना हे लवकर कळेल. सर्व्हर पुन्हा सुरू झाला म्हणजे काम संपलं असं होत नाही. डेटा ठीक आहे का, कुठे काय तुटलंय, कुणाचं काय अडलंय, हे पुढे कितीतरी दिवस निस्तरावं लागतं. माणसाचं तर किती जास्त!

त्या साथीतून दहा हजारांहून जास्त माणसं वाचली. सुटी मिळताना क्लोरीनच्या पाण्याने अंघोळ, नवे कपडे आणि 'हा माणूस बरा झाला आहे' असं प्रमाणपत्र. जुन्या वस्तू जाळून टाकलेल्या. अशी माणसं घरी निघाली, आणि पुढे काय झालं?

शरीर लगेच साथ देईना. सांधे धरलेले, डोकं ठणकणारं, थकवा महिनोन् महिने जात नाही. कित्येकांच्या डोळ्यांना आतून सूज आली. वेळेत उपचार मिळाले नाहीत तर नजरच जायची. कुणाला ऐकू कमी येऊ लागलं, कुणाला रात्र रात्र झोप नाही. इयान क्रोझियर हे अमेरिकन डॉक्टर सिएरा लिओनमध्ये रुग्णांची सेवा करताना आजारी पडले. ते बरे झाले, पण काही महिन्यांनी विषाणू त्यांच्या डोळ्याच्या आत जिवंत सापडला. त्यांच्या निळ्या डोळ्याचा रंगसुद्धा काही काळ बदलून हिरवा झाला होता.

याच कारणाने पुरुषांच्या वाट्याला एक वेगळी अवघड गोष्ट आली. सत्संगात असं बोलत नाहीत, पण आपण सरळ बोलू. रक्तातून विषाणू गेला तरी वीर्यात तो कित्येक महिने राहू शकतो, काही जणांत वर्षाहूनही जास्त. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा, की पुरुषाने तपासणी करत राहायची, लागोपाठ दोनदा निगेटिव्ह येईपर्यंत कंडोम वापरायचा, आणि तपासणीची सोय नसेल तर निदान वर्षभर तरी. विचार करा. मरणाच्या दारातून परत आलेला नवरा. बायकोजवळ जायचं तर हे सगळं तिला सांगायचं, आणि दर महिन्याला तपासणीच्या खोलीबाहेर नंबर लावून बसायचं. वर गावाच्या नजरा आहेतच.

हे फक्त तिकडचं नाही हं. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये लायबेरियातून बरा होऊन परतलेला २६ वर्षांचा एक भारतीय तरुण दिल्ली विमानतळावर थांबवला गेला. हातात बरं झाल्याचं प्रमाणपत्र, रक्ताचा रिपोर्ट निगेटिव्ह, पण वीर्यात विषाणूचा अंश. त्याला वेगळं ठेवलं गेलं. घर एवढं जवळ, आणि पोहोचता येईना!

बायकांची ओझी आणखी वेगळी. घरातल्या आजाऱ्यांची सेवा बहुतेक त्यांनीच केली, म्हणून वाचलेल्या बाईच्या मागे अनेकदा अख्खं घर गेलेलं असायचं. गरोदरपणात इबोला झाला तर आई वाचली तरी बाळ बहुधा वाचत नसे. बाळ अंगावर पीत असेल तर दुधातूनही धोका, म्हणून जवळ घेऊन पाजणंही बंद. नवरा गेला तर सासरचे दार लोटून घेत. बाजारात बसली तर तिच्याकडून कुणी काही विकत घेईना. आणि सालोमेसारखी पुन्हा बाळंत व्हायची वेळ आली, तर हात लावायला कुणी येईल की नाही हीच भीती.

काळजी आणि द्वेष

इथे कुणी म्हणेल, अरे, पण धोका होताच ना? मग लोकांचं काय चुकलं?

हाच आजच्या श्लोकाचा गाभा आहे, म्हणून नीट बघू. 'अद्वेष्टा' म्हणजे बेफिकीर नव्हे. भगवंत आपल्याला डोळे मिटून उडी मारायला सांगत नाहीत. तपासणी करा, कंडोम वापरा, बाळाला दुसरं दूध द्या, ही झाली काळजी. काळजी नेमकी असते. धोका कुठे आहे, किती दिवस आहे, हे ती विचारते, आणि धोका सरला की बाजूला होते. बऱ्या झालेल्या माणसाच्या शेजारी बसण्याने, हात हातात घेण्याने, एका ताटात जेवण्याने इबोला होत नाही. काळजीला हे कळतं.

द्वेषाला हे कळून घ्यायचंच नसतं. त्याला तारीख नसते. 'हा त्यातला आहे' एवढं त्याला पुरतं. म्हणून अडीच वर्षांनीही तो बाळंतिणीच्या खाटेपासून चार पावलं लांब उभा राहतो. आणि स्वतःला तो द्वेष म्हणत नाही बरं का. तो म्हणतो, 'आपण फक्त काळजी घेतोय.'

हे मी एवढ्या खात्रीने कसं सांगतोय? कारण मी तेच केलंय.

२०२१ चा मे महिना. कोविडची दुसरी लाट. आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशींना कोविड झाला. दवाखान्यात दहा दिवस ऑक्सिजनवर होत्या. त्यातून उठल्या. महिन्याभराने त्यांचा फोन आला, "दादा, डॉक्टर म्हणाले कामाला जायला हरकत नाही. सोमवारपासून येऊ का?" मी म्हटलं, "मावशी, अजून थोडा आराम करा." पंधरा दिवसांनी पुन्हा फोन. पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्यांदा मी फोनच उचलला नाही. पगार मात्र वेळेवर पाठवत होतो आणि त्याचं मला मनातून समाधान होतं. आपण किती चांगले!

पुढे त्यांनी दुसरीकडे काम धरलं. दिवाळीच्या सुमारास मंडईत दिसल्या. मी हाक मारली. त्यांनी चटकन पदर तोंडाला लावला आणि दोन पावलं मागे सरकल्या. मी काही म्हटलंसुद्धा नव्हतं. ते अंतर मीच त्यांना शिकवलं होतं.

रोज संध्याकाळी हरिपाठ म्हणणारा माणूस मी! इंजिनिअर, रिपोर्ट वाचता येणारा. माझ्याकडे माहितीची कमी नव्हती. कमी होतं ते 'अद्वेष्टा'.

नाथांनी काय केलं

पैठणची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. भर दुपारी एकनाथ महाराज गोदावरीवर निघालेले. तापलेल्या वाळूत एक पोर रडत पडलेलं. ज्यांना शिवायचं नाही असा तेव्हाचा नियम, त्या वस्तीतलं. नाथांनी ते उचललं, कडेवर घेतलं, तोंड पुसलं आणि त्याच्या आईकडे नेऊन दिलं.

लहानपणी या गोष्टीत मला नाथांचं मोठेपण दिसायचं. आता शेवट जास्त दिसतो. नाथ पोराला नुसतं सावलीत ठेवून पुढे गेले नाहीत. घरापर्यंत गेले. वाळूतून उचलणं ही अर्धी सेवा, दारापर्यंत पोहोचवणं ही उरलेली अर्धी.

२०१८ ते २०२० या काळात काँगोच्या पूर्व भागात पुन्हा मोठी साथ आली. आई वॉर्डात आणि तान्हं बाळ बाहेर, अशी वेळ कितीतरी घरांवर यायची. ते बाळ घेणार कोण? त्यालाही संसर्ग झालेला असू शकतो. तेव्हा बेनी आणि बुटेम्बो या गावांत उपचार केंद्रांना लागून पाळणाघरं निघाली आणि तिथे कामाला आल्या इबोलातून वाचलेल्या बायका. ज्यांना शेजारीपाजारी शिवायला घाबरत होते, त्या दुसऱ्यांची लेकरं छातीशी धरून अंगाई म्हणत होत्या. हे वाचलं तेव्हा मला गोदावरीचं वाळवंटच दिसलं. फरक एवढाच, की इथे वाळूत भाजून निघालेलंच कुणीतरी उठून दुसऱ्याला उचलत होतं.

जो वाचला त्याच्यासाठी

आतापर्यंत दाराच्या आतल्या माणसांबद्दल बोललो. श्लोकातली पुढची लक्षणं मला बाहेर उभ्या असलेल्यासाठी वाटतात. तुमच्यात असे कितीतरी असतील, जे त्या लाटेतून परत आलेत आणि शेजारच्या खाटेवरचं माणूस आलेलं नाही.

'निरहंकार'. आपण सहज म्हणून जातो, 'माझी पुण्याई म्हणून वाचलो.' भाव समजतो. पण त्या अकरा हजारांत नर्स होत्या, डॉक्टर होते, आया होत्या. सालोमेचे आई-वडील होते. ते देवाला कमी आवडत होते का? असं म्हणायची माझी जीभ रेटत नाही. मी का वाचलो, याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि ते शोधत बसायची गरजही नाही. कृतज्ञता उत्तराशिवायही राहू शकते. 'मीच का उरलो' हा प्रश्न रात्री छातीवर बसत असेल, तर तोही देवासमोर ठेवा आणि एखाद्या चांगल्या समुपदेशकासमोरही ठेवा. दोन्हीत विरोध नाही.

'निर्मम'. हे आयुष्य माझं म्हणून जे धरून ठेवलं होतं ते एकदा हातातून सुटून पुन्हा मिळालंय. आता ते ठेव म्हणून वापरायचं. सालोमेने तेच केलं. पण सगळ्यांनीच सालोमे व्हायला पाहिजे असं नाही. कुणाला सांध्यांमुळे चार पायऱ्या चढणं जड जात असेल. त्याने आजचा दिवस नीट जगला, वेळेवर जेवला, औषध घेतलं, नाम घेतलं, हीसुद्धा ठेव जपणंच आहे.

आणि शेवटचं 'क्षमी', क्षमा करणारा. हे सांगताना मी चाचरतो, कारण मी दार लावून घेणाऱ्यांतला आहे. ज्याने दार लावलं त्याने बाहेरच्याला क्षमेचा उपदेश करू नये. म्हणून एवढंच म्हणतो, क्षमा ही वाचलेल्याने त्याच्या सवडीने द्यायची गोष्ट आहे. आपलं काम दार उघडण्याचं.

मंडईतल्या त्या भेटीनंतर मी आणि बायको मावशींच्या घरी गेलो. मी सरळ म्हटलं, "मावशी, माझं चुकलं. डॉक्टर येऊ द्या म्हणत होते, मीच येऊ दिलं नाही." त्या म्हणाल्या, "जाऊ द्या दादा, तेव्हा सगळ्यांचंच तसं होतं." चहा केला. आम्ही प्यायलो. त्यांनी क्षमा केली की मोठेपणाने विषय संपवला, मला माहीत नाही. परत कामाला या असं म्हणायचं धाडसही झालं नाही. पण आता सणावारी त्या येतात, स्वयंपाकघरात हक्काने बसतात आणि माझ्या बायकोला पोळी कशी लाटायची ते ऐकवतात. माझ्यासाठी तोच प्रसाद.

आजची साधना

आज एकच करायचं. तुमच्या ओळखीत कुणी मोठ्या आजारातून उठलेलं असेल. कोविड, टीबी, काहीही. टीबीचा रुग्ण तर औषधं नीट पूर्ण करून बरा होतो, तरी त्याचा कप वेगळा ठेवणारी घरं आजही आहेत. त्या माणसाला आज फोन करा. 'कसा आहेस' विचारून झालं की लगेच 'काळजी घे' म्हणून ठेवू नका. विचारा, 'भेटायला येऊ?' शंका असेल तर डॉक्टरांना विचारून घ्या. आणि त्यांनी हरकत नाही म्हटलं, की मग खरंच जा. शेजारी बसा.

हे पांडुरंगा, ज्याला तू मरणाच्या दारातून परत पाठवलंस त्याला आमच्या दारात थांबावं लागू नये. आमच्या काळजीला डोळे दे, आणि आमच्या हातांतली भीती काढून घे.

उद्या भेटू, श्लोक १४ घेऊन.

राम कृष्ण हरी!